जुन्या यंत्रांचं गाव आणि लिनक्सच्या ‘किमान गरजा’

कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमच्या माहितीत शेवटी एक चौकट असते. प्रोसेसर अमुक, रॅम तमुक, हार्ड डिस्कवर मोकळी जागा इतकी इतकी. वर लिहिलेलं असतं ‘किमान गरजा’. बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात, कारण दुकानात समोर ठेवलेला कॉम्प्युटर नवा कोरा असतो. चौकट नीट वाचणारे दोनच प्रकारचे लोक : ज्यांच्याकडे स्वतःचं जुनं मशीन आहे ते, आणि ज्यांच्याकडे दुसऱ्याचं जुनं मशीन आलंय ते. मी भिवंडीचा, त्यामुळे दुसऱ्या प्रकारातला.

भिवंडीचा व्यवसाय बराचसा इतरांनी टाकलेल्या यंत्रांवर वाढला. सुरुवात तशी नव्हती. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडून मोमीन विणकर इथे येऊन स्थिरावले ते हातमाग घेऊन. यंत्रमाग इथे रुळले १९३० च्या दशकात. (महाराष्ट्रातला यंत्रमागाचा मान इचलकरंजीचा. तिथे विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्येच पहिला यंत्रमाग बसवला होता. इचलकरंजीचे पाहुणे हे वाचत असतील तर त्यांनी कॉलर ताठ करून घ्यावी.) पुढे मुंबईच्या गिरण्या जसजशा नवी यंत्रं घेत गेल्या किंवा बंद पडत गेल्या, तसतसे त्यांचे मोडीत काढलेले माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला येत गेले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. कापड मात्र विणायचं थांबलं नाही. ते आमच्याकडे विणलं जाऊ लागलं, पुष्कळदा गिरणीतून निघालेल्या मागावरच.

गिरणीच्या हिशेबात जो माग संपला, तो भिवंडीत आणखी वीस-तीस वर्षं सहज खडखडत राहायचा. कसा? एक तर त्याचे सुटे भाग इथेच ओतून मिळायचे. दुसरं, कुठलाही मुरलेला जॉबर तो डोळे मिटून खोलून जोडू शकायचा. आणि तिसरं म्हणजे त्या मागावर निघणाऱ्या साध्या ग्रे कापडाला गिऱ्हाईक होतं. साधा धोट्याचा माग मिनिटाला शंभर-दीडशे पिकांवर दमतो, एअरजेट सहाशेच्या पुढे जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण धोट्याचा माग भंगाराच्या भावात मिळत होता आणि एका कारागिराला असे चार-सहा माग सांभाळता येत होते. हिशेब तिथेच मिटत होता.

सुटे भाग, माहीतगार माणूस आणि त्या ताकदीचं काम. जुन्या कॉम्प्युटरला लिनक्सवर जिवंत ठेवायला हे तीनच लागतात असं मला वाटत आलंय. रॅमचा आकडा चौथा.

आता लिनक्सची जन्मकथा. सगळ्यांना थोडीफार माहीत असते, पण या चौकटीच्या बाजूने कुणी सांगत नाही. जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने एक कॉम्प्युटर घेतला. इंटेलचा ३८६, ३३ मेगाहर्ट्झ, ४ एमबी रॅम. पैसे हप्त्यांनी. त्यावर त्याने मिनिक्स टाकलं. मिनिक्स म्हणजे अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासोबत दिलेली छोटी युनिक्ससारखी सिस्टिम. ती मुद्दाम अशी लिहिलेली की अगदी ८०८८ च्या पीसीवरही चालावी, कारण विद्यार्थ्यांकडे तेच असायचं. साहजिकच ३८६ च्या अंगात जी खरी ताकद होती, म्हणजे ३२ बिटी काम आणि मेमरीची पानं पाडून ती हवी तशी मांडायची सोय, ती मिनिक्स वापरतच नव्हतं. लिनसला नेमकी तीच वापरायची होती.

२५ ऑगस्ट १९९१ ला त्याने जाहीर केलं की आपण ३८६ साठी एक फुकट सिस्टिम लिहितोय, हौस म्हणून. ती दुसऱ्या कुठल्या प्रोसेसरवर नेता येणार नाही आणि एटी पद्धतीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरं काही तिला बहुधा कधीच जमणार नाही, असंही त्याने सांगून टाकलं. कारण साधं : त्याच्याकडे तेवढंच होतं. पहिल्या लिनक्सच्या किमान गरजा म्हणजे एका पोराच्या टेबलावर काय काय होतं त्याची यादी!

मला यातला आवडता भाग पुढचा आहे. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीतल्या एका माणसाने कळवलं की माझ्या मशीनमध्ये २ एमबीच रॅम आहे, त्यात कर्नल कंपाइल होत नाही. लिनसकडे ४ एमबी होती, त्याला स्वतःला काहीच अडचण नव्हती. तरी नाताळच्या सुट्टीत बसून त्याने रॅममध्ये न मावणारी पानं डिस्कवर टाकायची आणि लागतील तशी परत आणायची सोय लिहिली. जानेवारी १९९२ च्या ०.१२ आवृत्तीत ती आली. मिनिक्सला हे येत नव्हतं. लिनक्सने मिनिक्सला मागे टाकलं ते या आवृत्तीपासून, असं पुढे लिनसनेच म्हटलंय. आज आपण ज्याला स्वॅप म्हणतो ती गोष्ट एका गरीब मशीनच्या मालकाच्या तक्रारीतून आली. म्हणजे सुरुवातीलाच चौकट खाली सरकली, वर नाही.

आपल्याकडे तोवर युनिक्स होतं ते बँकांत. रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल, मग शाखांतून लेजर पोस्टिंगची मशीनं, मग १९९० च्या दशकात एससीओ युनिक्स. एक ४८६, रॅम १६ एमबीच्या आसपास, मागे सिरियल पोर्टांचं कार्ड आणि त्याला लोंबणारे आठ-दहा ‘डंब’ टर्मिनल. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. काउंटरवरच्या बाईंसमोर फक्त पडदा आणि कीबोर्ड, डोकं आत कुठेतरी एसीच्या खोलीत. आजचा साधा फोन त्या आख्ख्या शाखेच्या शेकडो पट ताकदीचा, हे वाक्य लिहून लिहून गुळगुळीत झालंय, म्हणून पुढे जातो.

सामान्य माणसाचा युनिक्सशी पहिला संबंध आला तो व्हीएसएनएलच्या शेल अकाउंटमुळे. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे इंटरनेट आलं, त्यात विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ५०० रुपयांचं एक खातं होतं. मोडेमने फोन लावायचा, पलीकडे युनिक्सचं शेल उघडायचं, लिंक्समध्ये चित्रांशिवाय वेबपानं वाचायची आणि पाइनमध्ये मेल. आपलं मशीन इथे बँकेच्या त्या टर्मिनलइतकंच काम करायचं. त्यामुळे कुणाच्याही घरातला अडगळीतला ३८६ इंटरनेटला पुरे पडत होता! ज्यांनी चित्रवालं टीसीपी/आयपीचं महाग खातं घेतलं त्यांना मात्र नवं मशीन लागलं. जुनं मशीन ‘जुनं’ होतं ते बहुतेक वेळा असं, शेजारचं काम बदलल्यामुळे.

लिनक्स घरात यायचं ते मासिकातून. १९९६ पासून पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. त्यामागे मुख्य हात अतुल चिटणीसांचा (ते २०१३ मध्ये गेले). सीडी आली हे फार मोठं काम झालं, कारण १९९३ चं पहिलं स्लॅकवेअर २४ फ्लॉपींमध्ये होतं आणि त्यातली एकविसावी खराब निघाली की सगळं मुसळ केरात. त्या काळची चौकट अशी होती : ३८६ किंवा पुढचा प्रोसेसर, ४ एमबी रॅम. खिडक्या आणि माउस हवा असेल तर ८, बरं चालायला १६. अक्षरांवर समाधानी असाल तर लिनक्स तुमच्याकडून फारसं मागत नव्हतं.

मग ते मागू लागलं. मार्च २००३ मध्ये रेड हॅट ९ आलं तेव्हा नुसत्या अक्षरांसाठी ६४ एमबी आणि चित्रमय पडद्यासाठी किमान १२८, शिफारस १९२. दोन वर्षं आधीच्या विंडोज एक्सपीची कागदावरची किमान गरज होती ६४. ‘लिनक्स जुन्या मशीनवर पळतं’ हे वाक्य तेव्हाही आम्ही छातीठोकपणे सांगत होतो, पण पळायचं ते कर्नल. केडीई आणि ओपनऑफिस नव्हे. कर्नलची गरज आणि त्यावरच्या सजावटीची गरज या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि चौकटीत त्या एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात.

त्याच २००३ सालात या फुगण्याला कंटाळलेल्या दोघांनी आपापला उपाय काढला. ऑस्ट्रेलियात बॅरी कौलर यांनी पपी लिनक्स, जे सगळंच्या सगळं रॅममध्ये जाऊन बसायचं. आणि जॉन अँड्र्यूज यांचं डॅम स्मॉल लिनक्स : सगळा संसार ५० एमबीत आणि ४८६ डीएक्स व १६ एमबी रॅमवर चालण्याचा दावा. ५० एमबीची ती सीडी म्हणजे आमच्यासारख्यांची चैन होती.

इथे भिवंडीची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण चौकटीत ती कधीच छापलेली नसते. वीज. २००७ पूर्वीच्या भिवंडीत भारनियमन म्हणजे काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना पटायचं नाही. वीज गेली की माग थांबतो. ताण्याचे काही धागे तुटतात, कारागीर बिडी ओढतो, वीज आली की धागे जोडून पुन्हा खटका ओढतो. कॉम्प्युटरचं तसं नव्हतं. त्या वेळचं लिनक्स ईएक्सटी-२ नावाची फाइल पद्धत वापरायचं. वीज अचानक गेली की पुढच्या वेळी सुरू होताना ते आख्खी डिस्क तपासत बसायचं. ४ जीबीच्या डिस्कला दहा-पंधरा मिनिटं सहज. आणि तपासात काही गडबड सापडली तर काळ्या पडद्यावर रूट पासवर्ड मागून थांबायचं. एका कारखान्याच्या हिशेबाच्या खोलीत मी एक जुनं पेंटियम लावून दिलं होतं. तिथल्या मेहताजींना रूट म्हणजे काय हे समजावून सांगायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही. दिवसातून तीनदा वीज जायची आणि तीनदा मला फोन यायचा.

सुटका झाली ती ईएक्सटी-३ मुळे. यात डिस्कवर काही लिहिण्याआधी काय लिहिणार आहोत याची एका वहीत नोंद होते. वीज गेली तर परत आल्यावर फक्त ती वही वाचायची, आख्खं गोदाम मोजायचं नाही. रेड हॅटने ऑक्टोबर २००१ च्या ७.२ मध्ये ते आपणहून दिलं आणि नोव्हेंबरात २.४.१५ पासून ते मुख्य कर्नलमध्ये आलं. त्या पेंटियमची रॅम तीच राहिली, प्रोसेसर तोच राहिला, पण मेहताजींचे फोन थांबले. भिवंडीपुरतं बोलायचं तर ही गेल्या पंचवीस वर्षांतली लिनक्समधली सगळ्यात मोठी सुधारणा! वीजवितरण टोरेंट कंपनीकडे गेलं ते २६ जानेवारी २००७ ला. म्हणजे सॉफ्टवेअर विजेच्या पाच वर्षं आधी सुधारलं.

चौकटीत न छापलेली दुसरी गरज आपणा ब्लॉगवाल्यांच्या अगदी जवळची : मराठी. वर सांगितलेलं ते ५० एमबीचं लिनक्स ४८६ वर खरंच चालायचं, पण त्यात मराठी वाचता येत नव्हतं. त्यातले प्रोग्रॅम जुन्या जीटीके-१ वर बांधलेले. त्याला एका अक्षरापुढे दुसरं अक्षर मांडणं एवढंच येई. देवनागरीला ते पुरत नाही. ‘कवि’मधली पहिली वेलांटी टाइप होते वच्या नंतर, पण दिसायला हवी आधी. जोडाक्षरं घडवावी लागतात. ‘दुसऱ्या’मधला तो चंद्रकोरीसारखा र तर हिंदीवाल्यांनाही लागत नाही, तो आपलाच हट्ट. हे सगळं मांडणारा पँगो नावाचा भाग २००२ मध्ये ग्नोम-२ सोबत आला. त्यासाठी फाँट हवेत, त्यासाठी ओपनटाइप हवं, आणि या सगळ्याला रॅम हवी. फायरफॉक्समध्ये तर ३ नंबरची आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, बऱ्याच ठिकाणी पँगो हाताने चालू करावं लागे. नाहीतर मराठी ब्लॉग वेलांट्या विस्कटलेल्या अवस्थेत वाचायचा. आम्ही वाचलेत.

म्हणजे इंग्रजी माणसाचं जुनं मशीन आणि मराठी माणसाचं जुनं मशीन यांची किमान गरज कधीच एक नव्हती. ४८६ वर १६ एमबीत इंग्रजी मजकूर सुखाने वाचता येत होता, तेव्हा तोच मजकूर मराठीत वाचायला पेंटियम आणि त्याच्या कितीतरी पट रॅम लागत होती. ज्यांच्याकडे जुनी मशीनं जास्त, त्यांच्याच भाषेला नवं मशीन हवं, हा उलटा न्याय कुठल्याच चौकटीत दिसत नाही. तो कमी व्हायला पुष्कळ माणसांनी हात लावला. त्यात एक नाव आपण विसरू नये : र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, आयआयटीतले शिक्षक. विंडोजमधला मंगल फाँट त्यांचाच, आणि मुंबईच्या एनसीएसटीत असताना त्यांनी केलेला ‘रघु’ हा फाँट कुणालाही फुकट वापरता, बदलता येईल अशा परवान्यावर दिला गेला. ते २००८ मध्ये गेले.

जुन्या मशीनसाठीचा आणखी एक डाव बँकेच्या त्या हिरव्या टर्मिनलकडे परत नेणारा. १९९९ मध्ये जिम मॅकक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट सुरू केला. एक दमदार मशीन मध्ये ठेवायचं. बाकीच्या जुन्या डब्यांत हार्ड डिस्कही नको, नेटवर्क कार्डाने ते मधल्या मशीनवरून सुरू होतात आणि फक्त पडदा दाखवतात. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळतं : सूत शेटजींचं, डिझाइन शेटजींचं, आपण मजुरीवर माग चालवायचा. शाळांना हा प्रकार फार सोयीचा होता. गोव्यात २००० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशातल्या गोवेकरांच्या पुढाकाराने गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट चालला. तिकडे टाकून दिलेले कॉम्प्युटर गोळा करून गोव्यातल्या शाळांना द्यायचे आणि त्यावर लिनक्स चालवायचं. पत्रकार फ्रेडरिक नोरोन्हा यांनी त्यावर बरंच लिहिलंय. तिकडचं भंगार इकडे ढकलणं, अशी टीका अशा कामांवर नेहमी होते. ती सगळीच चुकीची नाही. पण भंगार कशाला म्हणायचं हे ठरवायला तिसरी ती गोष्ट, म्हणजे त्या ताकदीचं काम, बघावं लागतं. दहावीच्या मुलाला टाइप करायला शिकायचंय तर पेंटियम हे भंगार नव्हे.

आता चौकट वर सरकवणाऱ्यांची बाजू. डिसेंबर २०१२ मध्ये इंगो मोल्नार यांनी कर्नलमधून ३८६ काढून टाकलं. सोबत थोडा गमतीचा निरोपही लिहिला की लिनसच्या १९९१ च्या पहिल्या मशीनवर आता नवं लिनक्स सुरू होणार नाही. लिनसने मात्र आपल्याला असल्या बाबतीत हळवेपणा नाही म्हणून ते स्वीकारलं. फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ पासून ३८६ गेला. कारणही खरं होतं. ३८६ ला जमत नसलेल्या काही सूचनांसाठी वेगळी वाट सांभाळावी लागे, आणि ती दर वेळी नव्या मशीनसाठी काम करणाऱ्यांच्या पायात यायची. एप्रिल २०२५ मध्ये मोल्नार यांनीच ४८६ काढण्याचा प्रस्ताव मांडला.

३८६ साठी मीही रडणार नाही. मला खटकतं ते मधलं. २०१२ मध्ये उबंटूने पीएई नसलेल्या प्रोसेसरांचं कर्नल बंद केलं. पीएई म्हणजे ४ जीबीच्या वरची रॅम वापरायची सोय. आता जो लॅपटॉप मुळात ५१२ एमबीचा, त्याला ४ जीबीच्या वरच्या सोयीअभावी बाहेर काढलं! त्यात कितीतरी पेंटियम-एम लॅपटॉप गेले, आणि गंमत म्हणजे त्यातल्या अनेकांत ती सोय होती, फक्त प्रोसेसर ते बोलून दाखवत नव्हता. पुढे १४.०४ मध्ये ‘जबरदस्तीने पीएई’ असा पर्याय द्यावा लागला. मग २०१७ मध्ये १७.१० पासून उबंटूच्या डेस्कटॉपची ३२ बिटी सीडीच बंद. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही नाहीत. आणि ते डॅम स्मॉल लिनक्स? २०२४ मध्ये ते पुन्हा आलं. आता त्याची मर्यादा ५० एमबी नाही, एका सीडीत मावेल इतकी, ७०० एमबी. नाव तेच ठेवलंय.

मागांचंही असंच झालं. १९९९ मध्ये केंद्राने तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आणली. बिनधोट्याचा माग घ्या, व्याजात सवलत. परदेशातून जुना आणलात तरी चालेल, पण दहा वर्षांहून जुना नको. म्हणजे सरकारच्या चौकटीत यंत्राचं वय होतं. धोट्याच्या मागाला कुणी बंदी घातली नाही. फक्त त्याच्या कापडाला मिळणारा भाव आणि विजेचं बिल यांच्यातलं अंतर आक्रसत गेलं. गेल्या काही वर्षांत भिवंडीतले माग किलोच्या भावाने गेले, आणि त्या जागी गोदामं उभी राहिली. भिवंडी मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून गोदामं आली, २०१७ मध्ये जीएसटीने जकात गेली तरी ती राहिली. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा जुना लॅपटॉप टाकून नवा मागवणाऱ्या मुंबईकराचं खोकं बहुतेक आमच्याच माणकोली-काल्हेरच्या रस्त्याने गेलं असणार.

ज्यांना तो टाकायचा नाही त्यांच्यासाठी. मशीन ६४ बिटी असेल, म्हणजे साधारण २००८ च्या पुढचं, तर काळजी नको. ४ जीबी रॅमला कुठलंही हलकं डेस्कटॉप असलेलं लिनक्स चालेल, २ जीबीला एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई पाहा. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावलीत तर रॅम वाढवण्याहून जास्त फरक दिसेल. अडेल ते ब्राउझरवर, कारण आता एक वेबपान उघडायला जी रॅम लागते तेवढ्यात पूर्वी आख्खी बँकेची शाखा चालायची (घ्या, लिहिलंच शेवटी). ३२ बिटी असेल तर डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, अँटीएक्स आहे, आणि लिनक्सबाहेर पाहायची तयारी असेल तर नेटबीएसडी अजून ४८६ ला दारात उभं करतं. आणि कुणाकडे खरोखरच ३८६ निघालाच, तर ३.७ हे त्याच्यासाठीचं शेवटचं कर्नल कर्नलच्या साइटवर अजून तसंच ठेवलेलं आहे, सगळ्या सोर्सकोडसकट.